सही नसलेला खजिनदार

बँकेच्या सेवेत मी १९८३ साली दाखल झालो. नव्या अधिकाऱ्याने आरंभीचे काही महिने प्रत्येक टेबलाचे काम शिकून घ्यावे, असा दंडक होता. त्यानुसार माझी पहिली नेमणूक रोख विभागात झाली. आमचे हेड कॅशियर वयाने माझ्या वडिलांएवढे होते; तरी मी अधिकारी म्हणून मला ते आवर्जून ‘साहेब’ म्हणत. एके दिवशी रोकड जुळल्यावर, नोटांच्या गड्ड्या बांधता बांधता त्यांनी विचारले, ‘साहेब, आपण एम.कॉम. आहात. एक रुपयाच्या नोटेवर सही कोणाची असते?’ मी तत्परतेने उत्तरलो, ‘रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची.’ त्यांनी एक नोट काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर भारत सरकारच्या वित्त सचिवांची सही होती. दोन रुपयांपासून वरच्या सर्व नोटा रिझर्व्ह बँकेच्या, म्हणून त्यांवर गव्हर्नरची सही. रुपयाची नोट मात्र खुद्द सरकारची, म्हणून तिच्यावर सचिवांची. ओशाळून मी विचारले, ‘मग अर्थमंत्र्यांची सही कोणत्या नोटेवर असते?’ ते हसून म्हणाले, ‘कोणत्याच नाही, साहेब.’

त्या उत्तराने माझी उत्सुकता चाळवली ती आजतागायत टिकून आहे. ज्याच्या भाषणातील एका वाक्याने बाजाराची दिशा बदलते, ज्याच्या एका प्रस्तावाने आपल्या पेढ्यांवरील हिशेबाची रीत पालटते, त्या माणसाची सही चलनावर नाही. चिंतामणराव देशमुख आणि डॉ. मनमोहन सिंग या दोन अर्थमंत्र्यांच्या सह्यांच्या नोटा संग्राहकांकडे पाहावयास मिळतात हे खरे. परंतु देशमुखांची सही ते गव्हर्नर असतानाची आहे. डॉ. सिंग यांची सही तर रुपयाच्या नोटेवर सचिव म्हणून आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून, अशी दोन्हीकडे आढळते. अर्थमंत्री झाल्यावर मात्र दोघांचीही सही नोटेवरून गेली.

राज्यघटनेच्या ज्या ११२ व्या कलमान्वये अर्थसंकल्प मांडला जातो, त्यात ‘अर्थसंकल्प’ हा शब्द नाही आणि अर्थमंत्र्याचा उल्लेखही नाही. वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे ठेवण्याची व्यवस्था राष्ट्रपती करतील, एवढेच तेथे म्हटले आहे. सरकारचा सारा महसूल आणि सारे कर्ज जमा होते ते भारताच्या संचित निधीत. त्यातून एक रुपया काढावयाचा तर संसदेने विनियोजनाचा कायदा करावा लागतो. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, हे २६५ वे कलम सांगते. वाचकांपैकी अनेकांनी एखाद्या बोर्डिंगचे, पाठशाळेचे वा पतसंस्थेचे खजिनदारपद सांभाळले असेल. किल्ली आपल्या कमरेला असते, पावती आपण फाडतो, लोक पैशासाठी आपल्याकडेच येतात. परंतु सभेच्या ठरावाशिवाय खर्च करता येत नाही आणि वर्षाखेरीस तपासनीसासमोर वह्या मांडाव्या लागतात. अर्थमंत्र्याचे पद नेमके असेच आहे. त्याची सभा म्हणजे लोकसभा आणि त्याचा तपासनीस म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. अनुदानाच्या एखाद्या मागणीत अवघ्या शंभर रुपयांची कपात करावी अशी सूचना लोकसभेने संमत केली, तरी तो सरकारवरील अविश्वास मानला जातो. शंभर रुपयांचे महत्त्व इतके मोठे अन्यत्र कोठे नसावे!

मतदानाला न टाकता खर्ची पडणारी एक रक्कम मात्र आहे. राष्ट्रपतींचे व न्यायमूर्तींचे वेतन आणि सरकारी कर्जावरील व्याज हा खर्च संचित निधीवर ‘भारित’ असतो. संसद त्यावर चर्चा करू शकते, मत देऊ शकत नाही. घेतलेल्या कर्जाचे व्याज द्यावयाचे की नाही हा प्रश्न सभेपुढे ठेवावयाचाच नाही, ही व्यापाऱ्याला चटकन पटणारी गोष्ट घटनाकारांनी लिहून ठेवली.

अलीकडे तर अर्थमंत्र्याचे हात आणखी बांधले गेले आहेत. वस्तू व सेवा कराचा दर तो एकटा ठरवू शकत नाही. परिषदेचा तो अध्यक्ष खरा. परंतु मतांचे वजन केंद्राकडे एक तृतीयांश आणि राज्यांकडे दोन तृतीयांश असते व निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत लागते. दर वाढला की आपण दिल्लीतील एका व्यक्तीला बोल लावतो. त्या दराला आपल्या राज्याच्या मंत्र्यानेही संमती दिलेली असते, हे सोयीस्करपणे विसरतो.

या पदाचा हिंदुस्थानातील आरंभ एका व्यापाऱ्यापासून झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष रुचेल. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचा कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. लढाईच्या खर्चाने खजिन्यात खड्डा पडला होता. तो बुजवण्यासाठी जेम्स विल्सन या स्कॉटिश गृहस्थांना व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थसदस्य नेमून पाठवण्यात आले. ते मूळचे टोप्यांचे उत्पादक. पुढे त्यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले, मग ते राजकारणात शिरले आणि त्यानंतर त्यांनी चार्टर्ड बँकेची स्थापना केली. १८६० मध्ये त्यांनी हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच वर्षी आयकर आणला. वार्षिक दोनशे रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त होते. पाचशेच्या वरच्या उत्पन्नावर शेकडा चार रुपये द्यावे लागत. त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आमांशाने त्यांचे निधन झाले. पाच वर्षांपुरता म्हणून आलेला तो कर मधूनमधून खंडित झाला, तरी आपल्याला अद्याप सोडून गेलेला नाही.

विल्सन यांच्या करांना जाहीर विरोध केला तो मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी. सरकारचा अधिकारी असून सरकारच्याच कराविरुद्ध लिहिले म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. आणि तीन वर्षांच्या आत तेच ट्रेव्हेलियन अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास येऊन दाखल झाले. या खुर्चीचा इतिहास वाचताना असे योगायोग पदोपदी भेटतात. कोण कोणाच्या जागी येऊन बसेल याचा नेम नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या हंगामी सरकारात, अर्थखाते मुस्लिम लीगच्या लियाकत अली खान यांच्याकडे गेले. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात मिठावरील कर रद्द झाला. आणि दुसरीकडे एक लाख रुपयांवरील व्यापारी नफ्यावर शेकडा पंचवीस असा नवा कर आला. व्यापारी जगतात हलकल्लोळ झाला. हा गरिबांचा अर्थसंकल्प की काँग्रेसला साहाय्य करणाऱ्या उद्योगपतींवर धरलेला नेम, यावर वाद झडले. विरोधामुळे दर उतरवावा लागला. मात्र त्याच अर्थसंकल्पातून निघालेली दुसरी गोष्ट मागे उरली. युद्धकाळात आयकर चुकवलेल्यांचा शोध घेण्यासाठी एक चौकशी आयोग नेमला गेला. लियाकत अली पाकिस्तानचे पंतप्रधान होऊन गेले, आयोग इथेच राहिला.

स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री आर. के. षण्मुखम चेट्टी हे कोइमतूरचे. ते कोचीन संस्थानचे दिवाण होते आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेस गेलेल्या हिंदी प्रतिनिधी मंडळात होते. २६ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी साडेसात महिन्यांपुरता पहिला अर्थसंकल्प मांडला. उत्पन्न सुमारे १७१ कोटी, खर्च सुमारे १९७ कोटी, त्यांपैकी जवळजवळ ९३ कोटी एकट्या संरक्षणावर. फाळणीचा वणवा पेटलेला असताना हा माणूस शांतपणे जमाखर्च वाचून दाखवत होता. परंतु वर्षही पुरते लोटले नाही. आयकर चौकशी आयोगाकडे पाठवावयाच्या यादीतून काही नावे वगळली गेल्याचे उघड झाले, संसदेत प्रश्न उठला आणि ऑगस्ट १९४८ मध्ये चेट्टींनी राजीनामा दिला. पहिल्या खजिनदाराला यादीतील नावांपायी जावे लागले.

त्यांच्या जागी आलेले डॉ. जॉन मथाई अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नंतर टाटा उद्योगसमूहात संचालक. त्यांचे भांडण तत्त्वाचे होते. १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला की हे दुसरे मंत्रिमंडळच होऊन बसेल. खर्चाचा निर्णय एकाने करावयाचा आणि पैसा दुसऱ्याने उभा करावयाचा, ही रीत चालणार नाही. पाकिस्तानशी झालेल्या करारावरही त्यांचा मतभेद होता. त्यांनी त्याच वर्षी पद सोडले. त्यांच्या जाण्यात कटुता होती, तरी गुणांची कदर राहिली. १९५५ साली स्टेट बँक ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद मथाईंकडेच आले.

ती स्टेट बँक ज्यांच्या काळात उभी राहिली ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख. मराठी माणसाने या पदाविषयी लिहावे आणि देशमुखांपाशी थांबू नये, हे शक्य नाही. महाडजवळच्या नाते येथे १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १९१८ साली लंडनला आय.सी.एस. परीक्षेतही ते पहिले आले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १ जानेवारी १९४९ रोजी ती बँक भागधारकांकडून सरकारकडे आली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. नेहरूंनी त्यांना १९५० मध्ये अर्थमंत्री केले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले. हाच मनुष्य कालिदासाच्या ‘मेघदूता’चा मराठीत अनुवादही करत होता.

त्यांच्या सहा वर्षांत पहिली पंचवार्षिक योजना मार्गी लागली. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. ज्या तालुक्याच्या गावी सावकाराखेरीज दुसरा धनको नव्हता, तेथे बँकेचा फलक लागला तो यामुळे. व्यापारी वर्ग देशमुखांवर सर्वस्वी प्रसन्न होता असे म्हणवत नाही. १९५६ चा कंपनी कायदा त्यांचाच. मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीला त्याने वेसण घातली. आणि १९ जानेवारी १९५६ च्या रात्री आकाशवाणीवरून त्यांनी घोषणा केली की आयुर्विम्याचा सारा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. देशी, विदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ विमेदार एका रात्रीत इतिहासजमा झाले.

आता त्या तारखेकडे लक्ष द्यावे. तीनच दिवसांपूर्वी, १६ जानेवारीला, मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंतप्रधानांनी जाहीर केला होता. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मरत होती. आकाशवाणीवर विम्याविषयी संथ, निर्विकार आवाजात बोलणाऱ्या मंत्र्याच्या स्वतःच्या मुलखात त्याच आठवड्यात रक्त सांडत होते. त्याच महिन्यात देशमुखांनी राजीनामा देऊ केला. वर्षाचा अर्थसंकल्प तोंडावर होता. तो त्यांनी रीतसर मांडला. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईच्या सभेत तोच निर्णय पुन्हा सांगितला. जुलै १९५६ मध्ये देशमुखांचा राजीनामा मंजूर झाला आणि लोकसभेत त्यांनी आपली बाजू मांडली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात पुरता विचार न होताच जाहीर झाला, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते.

पुष्कळ जण या प्रसंगाकडे केवळ मराठी अस्मितेचा म्हणून पाहतात. तो तसा आहेच; परंतु मला त्यात खजिनदाराचा बाणा अधिक दिसतो. ठराव न होता खर्च पडू न देणारा मनुष्य, ठराव न होता राज्याचे भवितव्यही ठरू देईना. वह्या पूर्ण करून, शिल्लक जुळवून, मग किल्ली ठेवून तो बाहेर पडला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला, तेव्हा ते सत्तेत नव्हते.

देशमुखांनी जन्मास घातलेल्या आयुर्विमा महामंडळानेच पुढच्या अर्थमंत्र्याचा बळी घेतला. टी. टी. कृष्णम्माचारी हे मद्रासचे व्यापारी. हिशेबात तरबेज, बोलण्यात तिखट. १९५७ मध्ये त्यांनी संपत्ती कर आणि व्यय कर एकाच वर्षी आणले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. खुद्द काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधानांचे जावई फिरोज गांधी यांनी डिसेंबरात लोकसभेत विचारले की पॉलिसीधारकांचा पैसा एका अडचणीतल्या सट्टेबाजाच्या कंपन्यांत कोणाच्या सांगण्यावरून गेला? चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची नेमणूक झाली. छागलांनी सुनावणी बंद दाराआड घेतली नाही. मुंबईत भर सभेत साक्षी झाल्या, गर्दी एवढी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री, अर्थखात्याचे प्रधान सचिव, महामंडळाचे अधिकारी, सर्वांची उलटतपासणी जनतेने कानांनी ऐकली. तीन-साडेतीन आठवड्यांत काम आटोपले.

मंत्र्यांचे म्हणणे असे की व्यवहार सचिवांनी परस्पर केला. छागलांनी ते ग्राह्य धरले नाही. सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, हा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये, अर्थसंकल्पाला पंधरवडाही उरला नसताना, कृष्णम्माचारी गेले. त्या वर्षीचा अर्थसंकल्प पंतप्रधान नेहरूंना स्वतः वाचावा लागला. बँकेत शाखाप्रमुख म्हणून बसल्यावर मला या निष्कर्षाचा अर्थ पुरता उमगला. कारकुनाने केलेल्या चुकीच्या व्हाउचरवर माझी नजर पडली नसेल, तरी शाखेच्या ताळेबंदाखाली सही माझी असे. एका तपासणीच्या वेळी माझ्या हाताखालील एका तरुणाची चूक निघाली आणि वेतनवाढ माझी रोखली गेली. त्या दिवशी राग आला होता. आज वाटते, ते योग्यच झाले.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. कृष्णम्माचारी १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६५ च्या अखेरीस आरोपांच्याच वादातून दुसऱ्यांदा पायउतार झाले. आणि मुंधडा प्रकरणात ज्यांना सेवा सोडावी लागली ते सचिव एच. एम. पटेल? १९७७ साली जनता पक्षाच्या सरकारात तेच भारताचे अर्थमंत्री झाले. त्यांचे पहिले अंतरिम भाषण जेमतेम आठशे शब्दांचे होते. कमी बोलण्याचे महत्त्व त्यांना साक्षीच्या पिंजऱ्यात कळले असावे.

१९५८ ते १९६३ आणि पुन्हा १९६७ ते १९६९ या काळात खुर्चीवर होते मोरारजी देसाई. जन्म १८९६ चा, म्हणजे देशमुखांच्याच वर्षीचा. ज्या गोळीबारावरून देशमुख गेले, त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजीच होते. आणि दोन वर्षांत अर्थखाते त्यांच्या हाती आले. मराठी मनाला हे पचणे कठीण होते. तरीही या माणसाने दहा अर्थसंकल्प मांडले आणि तो विक्रम अद्याप अबाधित आहे. त्यांचा वाढदिवस २९ फेब्रुवारी. १९६८ चा अर्थसंकल्प नेमका त्या दिवशी आला.

आपल्या समाजातील सराफांच्या घरी मात्र मोरारजींचे नाव निघते ते दुसऱ्या कारणाने. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलनाची चणचण होती, सोन्याची चोरटी आयात बोकाळली होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. यापुढे चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही! आपल्या मुलीच्या लग्नात चौदा कॅरेटचे मंगळसूत्र कोण घालणार? गिऱ्हाईक फिरकेना, सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये नियंत्रणाचा कायदाच झाला. परवाना, नोंदवह्या, खासगी व्यक्तीने लगड वा बिस्किट बाळगण्यास मनाई, हे सारे त्यातून आले. आयात थांबली नाही. ती अधिक चोरटी झाली. मोरारजी वैयक्तिक आयुष्यात अत्यंत निःस्पृह होते, यात शंका नाही. पण सोन्यावाचून राहू शकणारा माणूस, सोन्यावाचून न राहू शकणाऱ्या कुटुंबांसाठी कायदा करत होता.

त्यांचे जाणेही सोपे नव्हते. बँकांवर सामाजिक नियंत्रण पुरे, राष्ट्रीयीकरण नको, असे त्यांचे मत. १६ जुलै १९६९ रोजी इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले. मोरारजींनी उपपंतप्रधानपदाचाही राजीनामा दिला. आणि तीन दिवसांनी, १९ जुलैला, पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांपैकीच एक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरवला, तर चार दिवसांत नवा अध्यादेश आला. माझी सारी नोकरी, माझे निवृत्तिवेतन आणि माझ्या मुलांचे शिक्षण त्या जुलैच्या आठवड्याचे देणे लागते. म्हणून मोरारजी चुकले होते असे म्हणताना मला स्वतःचा हितसंबंध मान्य केला पाहिजे.

यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ अर्थमंत्री होते. लोकसंग्रहात त्यांच्या तोडीचा नेता विरळा. परंतु व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कारकिर्दीचा एक आकडा अजून पाठ आहे. १९७१ मध्ये अधिभार वाढला आणि दोन लाखांवरील उत्पन्नावर आयकर व अधिभार मिळून दर झाला ९७.७५ टक्के. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतून घरी येणार सव्वादोन रुपये. संपत्ती कर वेगळाच. कर चुकवणाऱ्याची बाजू मी बँकेत असताना घेतली नाही, आता निवृत्तीत घेणार नाही. परंतु शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव मागणारा कायदा प्रामाणिक माणसाला मूर्ख ठरवतो आणि वहीखाली दुसरी वही जन्माला घालतो, हे मी खातेदारांसमोर बसून पाहिले आहे. न्यायमूर्ती वांछू समितीने हा दर उतरवण्याची शिफारस केली होती. चव्हाणांच्या मोठेपणाची खूण अशी की आपणच चढवलेला दर त्यांनी १९७४ मध्ये आपल्याच हाताने ७७ टक्क्यांवर आणला.

त्यानंतर शंकरराव चव्हाण आणि प्रा. मधु दंडवते हे आणखी दोन मराठी अर्थमंत्री झाले. दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार, समाजवादी. त्यांच्या वाट्याला एकच अर्थसंकल्प आला, मार्च १९९० मधला. आज त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. पुढच्याच वर्षी सोने गहाण टाकण्याची वेळ आली आणि २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने आधीचे सारे झाकोळून टाकले. मला मात्र दंडवत्यांचा अर्थसंकल्प स्मरतो.

त्या वेळी मी दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी शाखेत होतो. अर्थसंकल्प तेव्हा सायंकाळी पाचला सुरू होई. शाखेचे दार बंद झाल्यावरही चार-सहा व्यापारी माझ्या केबिनमध्ये ट्रान्झिस्टरभोवती बसत. त्यांत एक वृद्ध सराफ असत. सारे त्यांना अण्णा म्हणत. १९६३ साली त्यांच्या पेढीवर अकरा कारागीर होते. वर्षभरात तीन उरले. उत्तम नक्षीकाम करणारा एक जण मंडईत भाजी विकू लागला आणि अण्णा त्याच्याकडून रोज भाजी घेत, लागो वा न लागो, असे ते सांगत. नियंत्रणाच्या नोंदवह्या त्यांनी सत्तावीस वर्षे गुंज न् गुंज जुळवून लिहिल्या होत्या.

भाषणात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचा मानस जाहीर झाला. बाकीचे एकदम बोलू लागले. अण्णा म्हणाले, ‘ऐकू द्या रे, पुढे काही अट सांगतील.’ अट नव्हती. जूनमध्ये कायदा रद्द झाल्याची बातमी आली, त्या आठवड्यात ते कापडी पिशवी घेऊन बँकेत आले. पिशवीतून शेवटची नोंदवही काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. आदल्या दिवसापर्यंतची शिल्लक काढलेली होती.

‘साहेब, ही आता कोणाला दाखवायची?’

मी म्हणालो, ‘कोणालाच नाही, अण्णा.’

त्यांनी वही पुन्हा एकदा चाळली, कोपऱ्यात तारीख घालून खाली आपली सही केली आणि ती पिशवीत ठेवली. मग म्हणाले, ‘जरा लॉकर उघडून द्या.’